‘लाईट गेली’ला इंग्लिशमधे काय म्हणायचं? वाक्यांवरून इंग्लिश शिकायची माझी पद्धत

आमच्या कोल्हापुरात बायकासुद्धा "मी आलो", "मी जेवलो" म्हणतात. बाहेरगावचा माणूस ऐकून क्षणभर थांबतो, शाळेच्या व्याकरणात तर हे बसतच नाही, पण आमच्या गल्लीत, मंडईत, घरात हेच बोललं जातं आणि एखादी पोरगी मधेच "मी आले" म्हणाली तर उलट तिच्याकडंच सगळे बघतात. हे मी आधी सांगतेय कारण इंग्लिशचं नेमकं हेच आहे. वाक्य व्याकरणात बसलं म्हणजे ते तिथली माणसं बोलतात असं नाही. नियम पाठ करून तुम्ही चूक नसलेलं वाक्य बनवू शकता, पण बोलतात कसं हे फक्त बोललेल्या वाक्यातूनच कळतं.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत एक्स्पोर्टची कागदपत्रं आणि ईमेल बघते. शिक्षण सगळं मराठी माध्यमातलं, इंग्लिश पाचवीपासून. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका परदेशी कस्टमरला मी लिहिलं होतं, आय हॅव अ डाउट इन युवर ड्रॉइंग. मला एक माप समजलं नव्हतं, एवढंच. त्यांचं उत्तर आलं एकदम ताठ, की हे ड्रॉइंग आमच्या इंजिनियरनी तपासलेलं आहे, तुम्हाला शंका घ्यायचं कारण काय. कारण त्यांच्याकडं डाउट म्हणजे संशय, भरवसा नसणं. आपली ‘शंका’ म्हणजे तिथं क्वेश्चन. आय हॅव अ क्वेश्चन अबाऊट द ड्रॉइंग असं लिहिलं असतं तर काम एका दिवसात झालं असतं, ते तीन दिवस लांबलं. शब्द सगळे मला येत होते, स्पेलिंग बरोबर, व्याकरणही जवळपास बरोबर, तरी वाक्य चुकीचं पोचलं. त्या दिवसापासून मी शब्द पाठ करायचं बंद केलं आणि वाक्यं गोळा करायला लागले. आता रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर सात-आठ जणी येतात, त्यांना हेच शिकवते, तीच पद्धत इथं सगळी लिहितेय. इंग्लिश वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिलीत कारण ती तुम्ही मोठ्यानं वाचायची आहेत, स्पेलिंग नंतर बघता येतं.

पहिली पायरी: सुरुवात आपल्या मराठी वाक्यांपासून करा.

एक दोनशे पानी वही घ्या. पुस्तकातली वाक्यं नकोत, माळ्याने झाडाला पाणी घातले असलं वाक्य तुम्ही आयुष्यात कधी बोलणार नाही. एक दिवस स्वतःकडं लक्ष ठेवा आणि तुम्ही खरंच जी वाक्यं बोललात त्यातली पंधरा रात्री वहीत उतरवा. माझ्या पहिल्या पानावर होतं: लाईट गेली. गाडी लावून येते. फोन लागत नाही. उद्या सुट्टी टाकलीय. गर्दी लई होती. पंधराच्या वर जाऊ नका, पहिल्या दिवशी हौसेनं पन्नास लिहिणाऱ्यांची वही चौथ्या दिवशी कपाटात जाते हे मी बघितलंय.

दुसरी पायरी: प्रत्येक वाक्याला इंग्लिश शोधा, बनवू नका.

सगळ्यात जास्त चुका इथं होतात. आपण डोक्यात ‘लाईट’ला लाईट, ‘गेली’ला वेंट असं एकेक जोडत जातो. त्यापेक्षा प्रश्न असा विचारा की अशीच वेळ आली तर इंग्लिश बोलणारा माणूस काय म्हणेल? अंधार झाला, पंखा थांबला, तो म्हणेल द पॉवर्स आउट. किंवा देअर्ज अ पॉवर कट. आणि परत आली की, द पॉवर्स बॅक. ना गेली, ना आली. ‘उद्या सुट्टी टाकलीय’ म्हणजे आयम टेकिंग टुमॉरो ऑफ. ‘गाडी लावून येते’ म्हणजे आयल जस्ट पार्क द कार अँड बी राइट देअर. ‘गर्दी लई होती’ला क्राउड वॉज टू मच नाही, इट वॉज रिअली क्राउडेड.

शोधायचं कुठं, तर इंग्लिश-मराठी डिक्शनरीत नाही. तिथं एका शब्दापुढं चार अर्थ मिळतात पण वापरायचा कसा ते मिळत नाही. शिकणाऱ्यांसाठी वेगळ्या डिक्शनऱ्या असतात, केंब्रिज, लाँगमन, ऑक्सफर्ड सगळ्यांच्या ऑनलाईन फुकट आहेत. ही कल्पना तशी जुनी आहे, ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक जपानमधे शिकवायचे, परक्या विद्यार्थ्याला शब्दाच्या अर्थापेक्षा तो वाक्यात कसा बसतो हे कळायला हवं हे त्यांना तिथं वर्गात दिसलं, आणि त्यांनी केलेली डिक्शनरी पहिल्यांदा १९४२ साली टोकियोत निघाली, पुढं १९४८ साली ती ऑक्सफर्डनं काढली. नंतर १९८७ साली बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या टीमनं जी डिक्शनरी केली तिची उदाहरणं तर मनानं रचलेली नव्हती, छापील मजकूर आणि बोलणं कॉम्प्युटरवर गोळा करून त्यातून घेतलेली. म्हणून या डिक्शनऱ्या उघडल्या की अर्थ सोडून द्या, खालची उदाहरणं वाचा. तीच वहीत घ्या.

दुसरी जागा म्हणजे तातोएबा नावाची साइट. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थच ‘उदाहरणार्थ’. तिथं वेगवेगळ्या भाषांतली वाक्यं एकमेकांना जोडून ठेवलीत, मराठी वाक्यंही भरपूर आहेत. पण ती वाक्यं सामान्य लोक हौसेनं घालतात, त्यामुळं कोणी घातलंय, इंग्लिश ही त्याची स्वतःची भाषा आहे का, हे बघून घ्या. तिसरी गोष्ट, यूग्लिश. तिथं एखादा वाक्प्रयोग टाकला की यूट्यूबवरच्या ज्या व्हिडिओत कोणी तो बोललंय तिथून ऐकवतं. मला वाक्याचा सूर तिथंच कळला.

ट्रान्सलेट ॲपचं म्हणाल तर वापरा, पण एकच उत्तर घेऊन थांबू नका. आलेलं वाक्य अवतरणचिन्हात घालून सर्च करा. किती रिझल्ट आले त्या आकड्याकडं बघू नका, वाक्य कोण वापरतंय आणि कुठल्या वेळी वापरतंय ते पाच-सहा ठिकाणी उघडून बघा. फक्त भाषांतराच्या साइटवरच दिसत असेल तर खुशाल सोडून द्या.

आता ‘लागणे’. यावर मी एक अख्खा रविवार घेते.

मराठीत ‘लागणे’शिवाय आपलं पान हलत नाही आणि इंग्लिशमधे त्याला एक शब्दच नाही. बघा:

भूक लागलीय: आयम हंग्री.
पन्हाळ्याला जायला पाऊण तास लागतो: इट टेक्स अबाऊट फॉर्टी-फाइव्ह मिनिट्स टू गेट टू पन्हाळा.
किती पैसे लागतील: हाऊ मच विल इट कॉस्ट?
त्याचा फोन लागत नाही: आय कान्ट गेट थ्रू टू हिम.
भावाला नोकरी लागली: माय ब्रदर गॉट अ जॉब.
मला गाडी लागते: आय गेट कारसिक.
झोप कधी लागली कळलंच नाही: आय डोन्ट नो व्हेन आय फेल अस्लीप.
शेडला आग लागली: द शेड कॉट फायर.
निकाल लागला: द रिझल्ट्स आर आउट.
ती रडायला लागली: शी स्टार्टेड क्राइंग.
ते माझे मामा लागतात: हीज माय मदर्स ब्रदर.
त्याचं बोलणं मनाला लागलं: व्हॉट ही सेड रिअली हर्ट मी.

बारा वाक्यं, आणि इंग्लिशमधे बाराही वेगळी. ही यादी वर-खाली करून पाठ करायची नाही. प्रत्येक वाक्याची एकेक आठवण डोळ्यासमोर आणायची, आंबोली घाटात उलटी झाली होती ती एसटी आठवा आणि म्हणा आय गेट कारसिक. मग ते मराठीवरून येत नाही, त्या प्रसंगावरून येतं. माझ्या मते सगळ्या पद्धतीचं मर्म इथं आहे, म्हणून हा भाग घाईनं वाचू नका. ‘लागणे’ झालं की अशाच वह्या ‘काढणे’, ‘घालणे’, ‘बसणे’, ‘पडणे’ यांच्या करा. फोटो काढणे, दिवस काढणे, आवाज काढणे, कर्ज काढणे, चप्पल काढणे, यात एकाच ठिकाणी टेक ऑफ आहे आणि ते चपलेचं आहे.

उलट्या बाजूनंही करायचं. इंग्लिशचा टेक घ्या: टेक अ फोटो, टेक अ बस, टेक अ सीट, टेक युवर टाइम. आणि टेक ॲन एक्झाम. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि सर घेतात, इंग्लिशमधे बरोब्बर उलटं, विद्यार्थी टेक करतो आणि सर गिव्ह करतात. आय गेव्ह माय एक्झाम असं आपण भारतात सर्रास म्हणतो आणि भारतात ते कळतंही, पण बाहेरच्याला वाटेल तुम्ही शिक्षक आहात.

तिसरी पायरी: शब्द एकटा घेऊ नका, त्याची सोबत घ्या.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. शब्दांचंही तसंच असतं. जे. आर. फर्थ नावाच्या इंग्रज भाषाशास्त्रज्ञांनी १९५७ साली हेच मांडलं की शब्दाची ओळख तो कुणासोबत राहतो यावरून होते. कडक चहा म्हणजे स्ट्रॉंग टी, इथं जुळलं. पण जोराचा पाऊस स्ट्रॉंग रेन नाही, हेवी रेन. जोराचा वारा मात्र स्ट्रॉंग विंड. जास्त ताप म्हणजे हाय फीवर. ट्रॅफिक हेवी, स्मोकर पण हेवी. का, याला उत्तर नाही. आपण तरी मुसळधार पाऊस म्हणतो आणि मुसळधार वारा म्हणत नाही, त्याचं कारण कुणी विचारतं का. म्हणून वहीत रेन असा शब्द लिहायचाच नाही, वुई हॅड हेवी रेन लास्ट नाइट असं आख्खं लिहायचं. मिस्टेकसोबत मेक, होमवर्कसोबत डू, ड्रीमसोबत हॅव. स्वप्न बघितलं म्हणून आय सॉ अ ड्रीम म्हणू नका, आय हॅड अ ड्रीम.

चौथी पायरी: एका वाक्याची तीन वाक्यं करा.

वहीच्या डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर मिळालेलं इंग्लिश वाक्य, आणि त्याच्याखाली त्याच साच्यात स्वतःची अजून दोन. साचा मोडायचा नाही, एक जागा बदलायची. उदाहरणार्थ इट टेक्स हाफ ॲन अवर टू गेट टू वर्क. खाली लिहा, इट टेक्स टू डेज टू गेट द सॅम्पल रेडी. इट टेक्स मी अ व्हाइल टू वेक अप. इथं व्याकरण आपोआप हाताला लागतं. इथं मी २०१५ पासून काम करते हे मराठीत साधं वर्तमान आहे, म्हणून आपण आय ॲम वर्किंग हिअर सिन्स २०१५ म्हणतो. वाक्य असं घ्या: आयव्ह वर्क्ड हिअर सिन्स २०१५. आणि वर्षं मोजायची असतील तर आयव्ह वर्क्ड हिअर फॉर टेन इयर्स. सिन्स टेन इयर्स नाही. ही दोन वाक्यं जोडीनं पन्नासदा म्हणा, नियम नंतर वाचला तरी चालेल. तसंच आयम हॅविंग टू ब्रदर्सऐवजी आय हॅव टू ब्रदर्स, डिस्कस अबाऊट द प्राइसऐवजी डिस्कस द प्राइस, आणि मायसेल्फ अमुकतमुक यानं ओळख सुरू करायची सवय पहिल्यांदा काढून टाका, आयम एवढं म्हणून नाव सांगा.

पाचवी पायरी मला मनापासून जवळची वाटते, कारण कोल्हापूरच्या माणसाला तिची लई गरज आहे. आदर.

मराठीत आदर क्रियापदात असतो, बसा, या, सांगा. इंग्लिशमधे सगळ्यांना यू, म्हणून आपल्याला वाटतं तिथं आदर नाही आणि आपण प्लीज लावून मोकळे होतो. प्लीज सेंड द रिपोर्ट. हे प्लीज असूनही हुकूमच वाटतो. तिथला आदर प्रश्नात आणि भूतकाळात असतो. कुड यू सेंड मी द रिपोर्ट बाय फ्रायडे? त्याहून नरम, आय वॉज वंडरिंग इफ यू कुड सेंड मी द रिपोर्ट. कागदोपत्री दिसणारं काइंडली डू द नीडफुल आपल्या देशात चालतं, परदेशी माणसाला ते जुन्या सरकारी पत्रासारखं लागतं आणि त्यातून नेमकं काय करायचं तेही कळत नाही, म्हणून काय पाहिजे ते लिहा.

आणि आमचा तो ‘की’. बसा की, खावा की, बघा की. त्यात आग्रह आहे, माया आहे, प्लीजमधे ती येत नाही. इंग्लिशमधे ती व्हाय डोन्ट यू मधे येते. आमच्या शेजारच्या वहिनी महाद्वार रोडला चपलेच्या दुकानात बसतात. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, परदेशी पाहुणे अधूनमधून येतात. वहिनी विचारायच्या, व्हॉट डू यू वॉन्ट? मनात आदर होता, वाक्यात नव्हता. आता म्हणतात, कॅन आय हेल्प यू? व्हॉट साइझ आर यू लुकिंग फॉर? आणि ‘घालून बघा की’ला, व्हाय डोन्ट यू ट्राय देम ऑन? गिऱ्हाईक हसून खाली बसतं. नवी चप्पल चावते, त्याला बाइट म्हटलं तर तो माणूस घाबरेल, दे माइट पिंच अ लिटल ॲट फर्स्ट, बट देल सॉफ्टन अप. पाण्यात घालू नका: ट्राय नॉट टू गेट देम वेट. एक सांगून ठेवते, वुड यू माइंड वेटिंग असं कोणी विचारलं आणि तुमची थांबायची तयारी असेल तर उत्तर नो, नॉट ॲट ऑल असं द्यायचं. येस म्हणालात तर थांबायला तुमची हरकत आहे असं होतं.

सहावी पायरी: परत परत, पण अंतर वाढवत.

जर्मनीचे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं आपण सुरुवातीलाच भराभर विसरतो आणि मग वेग कमी होतो. म्हणून आज लिहिलेलं वाक्य उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं बघायचं. मराठी बाजू उघडी ठेवून इंग्लिश बाजू हातानं झाका आणि तोंडानं म्हणा, आलं नाही तर ते वाक्य परत उद्याच्या यादीत. मोबाईलवर करायचं तर अंकी नावाचं ॲप आहे, अँड्रॉइडवर फुकट, अंतराचा हिशोब ते स्वतः ठेवतं. मी केएमटीत शिरोलीपर्यंत जाताना करते, बसमधे मोठ्यानं म्हणता येत नाही तर ओठ हलवते. जी वाक्यं पुस्तकातून आणलेली असतात ती जातात, जी माझ्या दिवसातली असतात ती राहतात, हा माझा आजवरचा अनुभव.

म्हणताना वाक्य तोडू नका. आय. ॲम. गोइंग. असं नाही, आयम गोइंग. शब्द सगळे एका जोरानं म्हणायची आपली सवय आहे, इंग्लिशमधे महत्त्वाच्या शब्दावर जोर आणि बाकीचे पटकन उरकतात. यूग्लिशवर ऐकायचं, थांबवायचं, त्याच चालीत म्हणायचं, फोनवर रेकॉर्ड करून दोन्ही लागोपाठ ऐकायचं. पाच वाक्यं, दहा मिनिटं, बास.

आपल्या इंग्लिशची लाज मात्र बाळगू नका. मीटिंग प्रीपोन झाली हे भारतीय इंग्लिश आहे, अर्थ स्वच्छ आहे, पुण्या-बंगळूरच्या ऑफिसमधे बिनधास्त म्हणा, बाहेरच्या कस्टमरला मात्र लिहा, कॅन वुई मूव्ह द मीटिंग अप? वहीत मी अशा वाक्यापुढं ‘घरचं’ आणि ‘बाहेरचं’ अशी खूण करते. दोन्ही ठेवायची, कुणाशी बोलतोय बघून काढायची.

गेल्या रविवारी वहिनींनी नवीन प्रश्न आणला. सकाळी दुकान उघडलं, पहिलंच गिऱ्हाईक परदेशी जोडपं, भाव करायला लागलं. वहिनींना सांगायचं होतं की भवानी व्हायचीय, म्हणून कमी करून देते. भवानीला इंग्लिश शब्द काय? आम्ही सगळ्या मिळून शोधला, नेमका तसा सापडला नाही. मग वाक्य शोधलं आणि वहिनींनी ते वहीत लिहून घेतलं: यू आर माय फर्स्ट कस्टमर टुडे, सो आयल गिव्ह यू अ गुड प्राइस.